मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायचं, तर कायदा काय म्हणतो आणि शिकवणीला कोण मिळेल?

ताई, तुमचा प्रश्न मी नीट वाचला. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, नाशिकला सेमी-इंग्रजी शाळेत. सकाळी दप्तर उचललं की पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. घरी ठेवलं तर केस होईल असं मिस्टर म्हणतात. अमेरिकेतली बहीण म्हणते तिकडे रजिस्टर करावं लागतं, म्हणून तुम्ही विचारताय की आपल्याकडे होमस्कूलिंगसाठी कुठे रजिस्टर करायचं. आणि गणित-इंग्रजी स्वतःला नीट जमत नाही, तर घरी येऊन शिकवणारं कोण मिळेल.

मी आधी शाळेत गणित शिकवायचे, आता बरीच वर्षं पुण्यात घरी शिकणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर दाखले, फॉर्म यांच्या मागेही फिरते. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगतेय ते हे काम करताना वाचलेलं आणि वापरलेलं आहे. तुमच्या घरात काही वेगळा गुंता असेल, म्हणजे समजा आईवडिलांत कोर्टात काही चालू आहे, मुलीच्या ताब्याचा प्रश्न आहे, तर आधी वकिलाला विचारा, कारण अशा भांडणात शाळा सोडवणं हा मुद्दा समोरून वापरला जाऊ शकतो.

रजिस्ट्रेशनचं आधी सांगते. आपल्याकडे ते कुठेच करायचं नसतं, कारण तशी सोयच नाही. तुमच्या बहिणीचं खरं आहे, पण अमेरिकेत सुद्धा राज्याराज्यात फरक आहे, न्यूयॉर्कमध्ये आधी पत्र द्यायचं, मग वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल, आणि टेक्सासमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. जर्मनीत तर मुलाला शाळेत पाठवणं सक्तीचंच आहे. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून आपलं काही ठरवू नका. आपल्याकडे कुणी 'होमस्कूलिंग रजिस्ट्रेशन करून देतो, सर्टिफिकेट देतो' म्हणून पैसे मागत असेल तर तो कागद सरकारी कामात कुठेही चालत नाही एवढं लक्षात ठेवा.

आता केसची भीती. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० मध्ये लिहिलंय की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मिस्टर ज्याच्याबद्दल बोलतायत ते हेच कलम. पण ते कर्तव्य पाळलं नाही तर पालकांना काय शिक्षा, हे त्या कायद्यात नाही. दंड नाही, तुरुंग नाही. दंड आहे तो शाळा चालवणाऱ्यांना, त्याच्याकडे पुढे येते कारण तो तुमच्या शिकवणीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टात एका घरी शिकणाऱ्या मुलीच्या याचिकेवर केंद्र सरकारने शपथपत्र दिलं होतं की स्वखुशीने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. हे लोक खूप फॉरवर्ड करतात आणि कोर्टाने मान्यता दिली असं खाली लिहितात, ते तसं नाही हो, शपथपत्र म्हणजे निकाल नाही आणि कायदाही नाही. तुम्ही त्याच्यावर विसंबून राहू नका.

म्हणजे आत्ताची परिस्थिती अशी की कायदा तुम्हाला पकडत नाही, पण सांभाळतही नाही. शाळेत असलेल्या मुलाचं सगळं आपोआप होत जातं, पाचवी पास, आठवी पास, दहावीचा फॉर्म, सगळं शाळा करते. घरी आणलं की ते सगळं तुमच्या अंगावर येतं. माझ्याकडे जे पालक अडचणीत येतात ते पोलिसांमुळे कधीच येत नाहीत, ते येतात मूल तेरा-चौदाचं झाल्यावर, दहावी कुठून द्यायची आणि त्यासाठी कुठला कागद लागतो हे कळल्यावर. म्हणून मी सगळ्यांना सांगते की दहावीपासून मागे मोजत या.

दहावीचे आपल्याकडे मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. त्याचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. दहावीच्या प्रवेशाला वय १४ पूर्ण लागतं, शाळेचा दाखला नसला तरी 'मी हा अभ्यास करू शकते' असं स्वतःचं लेखी प्रमाणपत्र चालतं, आणि घरी शिकणाऱ्या मुलांना याचाच सगळ्यात मोठा आधार आहे. पाच विषय, सगळे एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मराठी माध्यम घेता येतं. टीएमए म्हणून घरून लिहून द्यायचं काम असतं, त्याला वीस टक्के वजन आहे, ते लोक हलक्यात घेतात आणि मग गुण जातात. हे बोर्ड पुढे चालतं का म्हणून सगळे विचारतात. चालतं, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात इतर बोर्डांच्या मुलांसारखाच फॉर्म भरतात.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, सतरा नंबर फॉर्म. म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून दहावी देणं. पेपर तोच, मार्कलिस्ट तीच. पण इथे कागद लागतात. किमान पाचवी पास असायला हवं, वय १४, शाळा सोडल्याचा मूळ दाखला किंवा तो नसेल तर प्रतिज्ञापत्र, आणि फॉर्म तुमच्या भागातल्या ठरलेल्या शाळेतून जातो, तोंडी आणि प्रकल्पाचे गुण पण त्याच शाळेत. परीक्षेच्या कितीतरी महिने आधी मुदत असते आणि ती गेली की विलंब शुल्क, तेही गेलं की वर्ष गेलं. दरवर्षी कुणीतरी जानेवारीत मला फोन करतं आणि तेव्हा काहीही करता येत नाही.

केम्ब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे परदेशी बोर्डाची दहावीसारखी परीक्षा, ती पण बाहेरून देता येते, इंग्रजी चांगलं असलेली आणि खर्च झेपणारी कुटुंबं देतात. तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत मी त्याचा विचार करणार नाही.

आता यातली पाचवी बघा. सतराला पाचवी पास लागते. शिवाय २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, त्यामुळे समजा दोन वर्षांनी मुलगी म्हणाली मला परत शाळेत जायचंय (आणि खूप मुलं म्हणतात, बारा-तेरा वर्षांची झाली की मैत्रिणी हव्या असतात), तर पाचवीपर्यंत वयानुसार सरळ वर्गात बसवतात, पण सहावीच्या पुढे पाचवीचं काय झालं हे बघितलं जातं. म्हणजे पाचवी पासचा एक कागद तुमचे दोन दरवाजे उघडे ठेवतो. तुमची मुलगी चौथीत आहे. शक्य असेल तर, मुलीला त्रास न होता, चौथी पूर्ण करा आणि पाचवी कुठल्यातरी शाळेतून होऊ द्या, ही शाळा नको असेल तर दुसऱ्या. तेही शक्य नसेल तर राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं, वयाची अट बघून तिथून पाचवी करून घ्या. एनआयओएसचे पण लहान मुलांसाठी ए, बी, सी असे स्तर आहेत, तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही त्यांचा उल्लेख आहे.

शाळा सोडताना काय करायचं ते नीट ऐका, कारण इथे लोक सगळ्यात जास्त ढिलाई करतात. मुलीचं नाव पटावर ठेवून तिला नुसतं घरी बसवू नका. महिनाभर सलग गैरहजर राहिलं की मूल शाळाबाह्य धरतात, मग वर्गशिक्षिका फोन करणार, मग बालरक्षक म्हणून नेमलेले शिक्षक घरी येणार. रीतसर अर्ज द्या, फी बाकी असेल तर मिटवा, दाखला घ्या. नवीन शाळेचं नाव विचारतील, जी खरी परिस्थिती आहे ती लिहा की मूल घरी शिकणार आहे आणि मुक्त विद्यालयातून परीक्षा देणार आहे. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत मग मुलगी ड्रॉपबॉक्समध्ये जाते, म्हणजे कुठल्याच शाळेकडे नाही अशी. पुढे शाळेत घालताना नवी शाळा तिला तिथून ओढून घेते, त्यासाठी तिचा पेन नंबर, म्हणजे त्या ऑनलाइन नोंदीतला तिचा कायमचा क्रमांक, लागतो, तो निघतानाच लिहून घ्या.

दाखल्यावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात हे सगळे रकाने शाळेच्या टेबलावरच एकेक अक्षर वाचून तपासा. माझ्याकडच्या एका मुलाच्या दाखल्यावर जन्मगावाच्या जागी तालुक्याचं नाव होतं आणि जातीच्या दाखल्याच्या वेळी त्यावरून खूप हेलपाटे झाले, कारण शाळा सोडून काही वर्षं झाली होती आणि रजिस्टर दुरुस्त करायला कुणाला घाई नव्हती. शाळेत असतानाच दुरुस्ती सोपी असते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीची नोंद असते, त्या पानाचा उताराही मागून घ्या.

आणि एक फार महत्त्वाचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारतेय. मुलगी आरटीईच्या, म्हणजे याच शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव मोफत जागांतून लागलीय का? तसं असेल तर ती जागा सोडण्याआधी शंभरदा विचार करा. तो प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतो, मध्येच सोडला तर परत मिळत नाही, आणि आठवीपर्यंतची मोफत जागा गेली की गेली.

घरी कुणी सर्वेक्षणाला आलं तर घाबरू नका आणि दारही लावू नका. कायद्याने स्थानिक प्राधिकरणाला आपल्या भागातल्या सगळ्या मुलांची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे ते बिचारे आपलं काम करत असतात. बसवा, पाणी द्या, फाईल दाखवा. फाईल म्हणजे काय तर दाखल्याची प्रत, आधार, आणि मुलीने केलेलं काम तारखा घालून. गणिताची पानं, काय वाचलं त्याची यादी, चित्रं, कुठे गेलो तिथले फोटो. महिन्याला आठ-दहा कागद पुरतात. माझ्याकडच्या एका घरी आलेल्या शिक्षिका मुलाने केलेला पावसाचा तक्ता बघत बसल्या, त्याने घराच्या गच्चीवर बाटलीचं पर्जन्यमापक करून जूनपासून रोजचे मिलिमीटर लिहिले होते, आणि जाताना त्यांनी त्यांच्या रजिस्टरमध्ये मूल घरी शिकत असल्याचा शेरा लिहिला.

तर आत्तापर्यंतचं थोडक्यात, रजिस्ट्रेशन नाही, केसची भीती नाही, पण पाचवीचा कागद, नीट तपासलेला दाखला, चालू फाईल आणि १४ व्या वर्षी एनआयओएस की सतरा नंबर याचा निर्णय, एवढं तुमचं तुम्हाला सांभाळायचंय.

शिकवणीकडे वळायच्या आधी त्या पोटदुखीबद्दल बोलायलाच हवं, कारण मला खरा प्रश्न तिथे दिसतोय. रविवारी दुखत नाही म्हणजे ती नाटक करतेय असं नाही, दुखतं ते खरंच दुखतं. पण शाळेतल्या कशाने दुखतं हे कळल्याशिवाय शाळा सोडवलीत तर तेच कारण घरीही येऊ शकतं. कुणी मुलं त्रास देतायत का, बसमध्ये काही होतंय का, कुणी अंगाला हात लावलाय का, एका ठराविक तासाला भीती वाटते का, हे शांतपणे, रात्री झोपताना, एका दिवसात नाही, हळूहळू विचारा. आणि वाचन बघा. तिला तिसरीच्या मराठीच्या पुस्तकातला न शिकलेला एखादा उतारा मोठ्याने वाचायला द्या. अक्षरं गाळते का, जोडाक्षराला थांबते का, ओळ सुटते का, अंदाजाने शब्द बोलते का. तुम्ही लिहिलंय की तोंडी सगळं येतं पण वही कोरी असते, ते वाचून मला शिकण्यातल्या अक्षमतेची शंका येतेय, नक्की सांगता येणार नाही, पण तपासून घ्या. मुंबईत सायन, केईएम, नायर या हॉस्पिटलांत याची तपासणी होते, तुम्ही आधी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. काही मुलांना एवढं कळल्यावर आणि शिक्षकांनी समजून घेतल्यावर शाळा सोडायची वेळच येत नाही. काहींना तरीही घरीच बरं पडतं. तुमच्या मुलीचं कुठलं, हे मी इथून सांगू शकत नाही.

आणि कारण जर ती एक शाळा किंवा एक बाई असेल, तर शाळा बदलणं हा पण पर्याय आहे. जवळच्या मनपाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन एक तास बसून या. मी हे होमस्कूलिंगच्या विरोधात म्हणून सांगत नाहीये, मी त्याच मुलांबरोबर काम करते आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. पण दोघंही कमावते असाल आणि दिवसभर मुलीबरोबर घरात कुणी मोठं माणूस नसेल, तर घरी शिकणं म्हणजे टीव्ही आणि मोबाईल होतो, हे मी पाहिलेलं आहे. तुमचं शिवणकाम घरातच आहे म्हणालात, दुपारपर्यंत तुम्ही मोकळ्या, म्हणजे तुम्हाला हे जमू शकेल.

आता शिकवणी. पहिली गोष्ट, नोकरीत असलेल्या शाळेच्या शिक्षकांना विचारू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. ते घेतात हे सगळ्यांना माहितीय, पण तुम्ही आधीच चाकोरीबाहेर आहात, कशाला कुणाची नोकरी आणि तुमची शांतता दोन्ही टांगणीला लावायची.

मग कोण? माझ्या अनुभवात सगळ्यात चांगल्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यातही ज्यांनी पहिली-दुसरीचे वर्ग घेतलेत त्या. त्यांना मूल कुठे अडलंय ते दिसतं. त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सापडत नाहीत, वाचनालयात सापडतात, सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांत. ग्रंथपालाला सांगून ठेवा. सार्वजनिक वाचनालय तुमच्या नाशिकमध्ये मोठं आणि जुनं आहे, तिथून सुरुवात करा. दुसरं म्हणजे डीएड-बीएड करून नोकरीची वाट बघणारी मुलंमुली, त्यांच्यात उत्साह असतो, मात्र भरती निघाली की जातात आणि जायलाच हवं, तेवढं गृहीत धरा. तिसरं, सायन्सच्या एमएस्सी करणाऱ्या मुली, पण त्या तेरा-चौदाच्या मुलांना बऱ्या, नऊ वर्षांच्या मुलीला नको.

मोठ्या क्लासच्या फाउंडेशन बॅचच्या जाहिरातींकडे जाऊ नका. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांनी १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं आहे. आणि नुसतं नाव एका शाळेत लावून ठेवायचं, हजेरी ते लावतील, असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा, शाळेवर कारवाई झाली की सगळा रेकॉर्ड अडकतो आणि निस्तरायचं तुम्हालाच.

माणूस निवडायचा कसा ते एका उदाहरणाने सांगते. मी शिकवणाऱ्यांना आधी पदवी विचारत नाही, मुलाबरोबर अर्धा तास बसायला सांगते आणि बाजूला बसते. एकदा अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? तो म्हणाला एक चतुर्थांश, कारण चार मोठे. बीएस्सी झालेल्या एका मुलीने त्याला लगेच छेद समान करायला शिकवलं, बारा काढा, इथे चार येतील, इथे तीन येतील, उत्तर बरोबर आलं आणि मुलगा गप्प. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त बाई आल्या. त्यांनी कात्रीने वर्तमानपत्राच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या आणि म्हणाल्या याचे चार सारखे भाग कर, त्याचे तीन कर. चाराच्या घड्या पटकन झाल्या. तिनाच्या होईनात, तो परत परत उलगडत होता, बाई काही बोलल्या नाहीत, पेपर वाचत बसल्यासारखं केलं. शेवटी जमल्यावर त्याने एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून पाहिला आणि स्वतःच म्हणाला, अरे, जास्त जणांत वाटलं की वाट्याला कमी येतं. बाईंनी मग विचारलं, मग एक पंचमांश? तेवढ्यावर त्या दिवशी उठल्या. मी त्याच बाईंना ठेवायला सांगितलं. तुम्ही पण असाच अर्धा तास मागा, आणि बघा की मूल चुकल्यावर समोरचं माणूस काय करतं. लगेच उत्तर सांगतं, रागावतं, की थांबतं.

तास किती लावायचे? कमी. नवीन पालक घाबरून रोज तीन तास शिकवणी लावतात, सगळ्या विषयांची, आणि मग घरातच दुसरी शाळा उभी राहते, ज्या शाळेने पोट दुखत होतं तीच. तुमच्या मुलीला पहिले दोन-तीन महिने मी गणित आठवड्यातून दोनदा, इंग्रजी दोनदा, प्रत्येकी एक तास, एवढंच सांगेन. परिसर, इतिहास, मराठी तुम्ही घरी करू शकता. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंक ऑनलाइन आहेत, ते रोज एक गोष्ट मोठ्याने वाचा, आधी तुम्ही, मग एक परिच्छेद ती. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर कचऱ्यातून करायची खेळणी आणि मराठी पुस्तकं ढिगाने आहेत, विज्ञानाला आत्ता तेवढं पुरे. आणि शिवणकाम तुमच्याकडेच आहे की! टेपवर सेंटिमीटर, इंच, अर्धा, पाव, कापड किती लागेल, मीटरला दर काय, यात चौथी-पाचवीचं निम्मं मोजमाप येतं. मात्र तिला कामाला जुंपू नका, शिकायला बसवा.

पैसे महिन्याचे ठरवा, तासाचे नको, म्हणजे सुट्टी-आजारपणाची घासाघीस होत नाही. पहिला महिना दोघांच्याही सोयीने ट्रायल म्हणून सांगा. ओळखपत्राची प्रत घ्या, आधी जिथे शिकवलंय त्या दोन घरी फोन करा, आणि शिकवणी बाहेरच्या खोलीत, दार उघडं, घरात मोठं माणूस असताना. माणूस कितीही ओळखीचा असला तरी हा नियम मी मोडू देत नाही. दर शनिवारी दहा मिनिटं शिकवणाऱ्यांशी बोला, आणि त्यांच्याकडून अर्ध्या पानाची नोंद लिहून घ्या की काय घेतलं, कुठे अडली. ती नोंद फाईलला लागते.

एकटीला कंटाळा येईल, तिला मुलं हवीत. दोन-तीन कुटुंबं मिळून आठवड्यातून दोनदा मुलांना एकत्र बसवतात, शिकवणाऱ्यांचे पैसे वाटून घेतात, हे फार छान चालतं. पण मघाशी म्हटलं तो दंड इथे येतो. रोज सकाळी ठराविक वेळ, दहा-पंधरा मुलं, फी, बोर्ड, असं झालं की ती मान्यता नसलेली शाळा ठरू शकते, आणि कलम १८ प्रमाणे चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड, वर चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणून शिकवणी शिकवणीच ठेवा. मैत्रिणींसाठी मैदान, पोहणं, गाण्याचा क्लास. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा शाळेशिवाय देता येतात, राष्ट्रभाषा सभेच्या हिंदीच्याही. स्कॉलरशिपची परीक्षा आणि शालेय क्रीडा स्पर्धा मात्र शाळेमार्फतच असतात, त्या हुकतात, हे मुलीला आधी सांगा. घरी शिकवणाऱ्या पालकांचं 'स्वशिक्षण' नावाचं देशभराचं नेटवर्क आहे, तिथे नाशिकचं कुणी मिळतं का बघा.

मिस्टरांना यातलं कायद्याचं वाचायला द्या आणि सासूबाईंनाही, कारण दुपारी घरात त्याच असणार आणि 'शाळेत का नाही गेली' हे शेजारी त्यांनाच विचारणार. निर्णय मात्र लगेच घेऊ नका. वार्षिक परीक्षेपर्यंत वेळ आहे, तोवर शाळेला सांगून आठवड्यातले एक-दोन दिवस सुट्टी मिळते का बघा. आधी वाचनाची तपासणी करून घ्या, आणि पाचवीसाठी जवळच्या दोन शाळा बघून ठेवा. तपासणीत काय निघालं आणि ती २५ टक्क्यांची जागा आहे की नाही, हे दोन्ही मला कळवा, शिकवणी कशी लावायची ते त्यावर बदलेल.